दिल्लीहून निघालेला पैसा

वडाळ्याला रफी अहमद किडवाई मार्गावर ऍकवर्थ कुष्ठरोग रुग्णालयाचं जुनं आवार आहे. मुंबईच्या रस्त्यांवर भीक मागत फिरणाऱ्या बेघर कुष्ठरुग्णांसाठी म्युनिसिपल कमिशनर एच. ए. ऍकवर्थ यांनी १८९० मध्ये लोकांकडून पैसा उभा करून ते सुरू केलं. शंभरेक वर्षांनी लोक ज्याचं नाव घ्यायला बिचकत असा दुसरा रोग आला, तेव्हा त्याची कार्यालयं थाटायला हेच आवार मिळालं. एक कार्यालय महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेचं, दुसरं मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्थेचं. पत्ता जवळपास एकच, पण दिल्लीहून पैसा येतो तो दोघांना वेगवेगळा. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या हिशेबात मुंबई हे जणू स्वतंत्र राज्यच.

या दोन्ही कार्यालयांच्या नावातला 'संस्था' हा शब्द सहज वाचून पुढे जाण्यासारखा आहे. पण काम सरकारी, पैसा सरकारी, वरचे अधिकारी सनदी सेवेतले किंवा महापालिकेचे, आणि नोंदणी मात्र गावातल्या वाचनालयाची व्हावी तशी, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली. सरकारने स्वतःच्याच कामासाठी स्वतःबाहेर अशी नोंदणी करून घेतली, कारण सरकारचाच पैसा सरकारच्याच रस्त्याने जागेवर पोचत नव्हता. देशातल्या एचआयव्ही प्रतिबंधाच्या गेल्या साडेतीन दशकांच्या इतिहासात विषाणूइतकंच महत्त्व या रस्त्याला आहे. रोग्यांच्या कहाण्या पुष्कळ सांगून झाल्या, खातेवहीची फारशी कुणी सांगत नाही.

सुरुवात झाली ती जवळजवळ फुकटात. १९८५ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने एचआयव्हीचा शोध घ्यायचं ठरवलं तेव्हा तपासणीची सोय पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आणि वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज अशा मोजक्या ठिकाणी होती. मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन यांनी सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी हाच विषय दिला. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घराण्यातल्या. असला रोग भारतात निघायचाच नाही, अशी तेव्हा वरपासून खालपर्यंत सगळ्यांची खात्री होती. निर्मलांनी वेश्याव्यवसायात पकडून सुधारगृहात ठेवलेल्या बायकांचे रक्तनमुने घेतले. हातमोजे नाहीत, वेगळी प्रयोगशाळा नाही. नमुने घरच्या फ्रिजमध्ये ठेवायचे, नवऱ्याच्या स्कूटरवरून जायचं-यायचं. फेब्रुवारी १९८६ मध्ये रात्रीच्या गाडीने ते नमुने वेल्लोरला गेले. शंभरेक नमुन्यांत सहा पॉझिटिव्ह निघाले. अमेरिकेत फेरतपासणी झाली, निष्कर्ष तोच आला आणि मे महिन्यात आरोग्यमंत्री एच. व्ही. हंडे यांनी तमिळनाडूच्या विधानसभेत ते जाहीर केलं. भारतातल्या एचआयव्ही सर्वेक्षणाचा पहिला अध्याय एका विद्यार्थिनीने स्कूटरवरून लिहिला, असं म्हणायला हरकत नाही.

राज्यांच्या तिजोरीतून या रोगासाठी पहिला पैसा निघाला तो प्रतिबंधासाठी नव्हता, कोंडून ठेवण्यासाठी होता. गोव्याने आपल्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून एचआयव्हीबाधिताला वेगळं ठेवणं सरकारवर बंधनकारक केलं. डॉमिनिक डिसोझा हा नेमाने रक्तदान करणारा तरुण. त्याच्या रक्तात विषाणू सापडला आणि १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलिसांनी त्याला उचलून म्हापशाच्या जुन्या क्षय रुग्णालयात ठेवलं. तिथे तो ६४ दिवस होता. आई लुसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेली, आनंद ग्रोव्हर यांनी बाजू लढवली. डॉमिनिक सुटला, पण न्यायालयाने कायद्यातलं विलगीकरणाचं कलम वैध ठरवलं. ते सौम्य केलं ते गोवा सरकारनेच. 'माय ब्रदर निखिल' हा सिनेमा ज्यांनी पाहिला त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. त्यात न आलेला भाग हिशेबाचा आहे. बाधिताला असं पकडून नेणारं सरकार दिसलं की रक्त तपासून घ्यायला कुणी पुढे येत नाही, आणि तपासायला कुणी आलंच नाही तर पैसा कुठे, किती लावायचा हे कुणालाच कळत नाही.

तोवर मुंबईत कामाठीपुऱ्यातल्या बायकांमधलं बाधितांचं प्रमाण काही वर्षांतच टक्का-दीड टक्क्यावरून निम्म्याच्या आसपास गेलं होतं. मणिपुरात सुईने नशा करणाऱ्यांमध्ये ते याहूनही झपाट्याने चढलं. दिल्लीला जाग आली १९९२ मध्ये. नॅको स्थापन झाली, जागतिक बँकेकडून ८ कोटी ४० लाख डॉलरचं सवलतीचं कर्ज मिळालं आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पहिला टप्पा सुरू झाला. प्रत्येक राज्याच्या आरोग्य संचालनालयात 'एड्स सेल' उघडायचा, आणि दिल्लीहून आलेला पैसा त्याने रक्तपेढ्या, प्रचार, गुप्तरोग दवाखाने आणि सर्वेक्षणावर खर्चायचा, अशी योजना होती.

पैसा निघाला आणि अडकला. ज्याने मंत्रालयात एखादी फाईल पुढे सरकवली आहे त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. दिल्लीची रक्कम आधी राज्याच्या एकत्रित निधीत जमा व्हायची. मग अर्थ विभागाने ती आरोग्य विभागाला द्यायची. अर्थसंकल्पात तेवढी तरतूद नसेल तर पुरवणी मागणीची वाट पाहायची. मग शासन निर्णय, मग पदनिर्मितीला मंजुरी, मग कोषागारातून बिल. पगाराला पैसे कमी पडलेल्या राज्याच्या तिजोरीत कर्जाऊ आलेली रक्कम महिनोन्महिने पडून राहिली, तर अर्थ खात्याला त्यात गैर काही दिसत नसे. हातात काही येईपर्यंत फेब्रुवारी उजाडायचा, मग मार्चअखेरची धावपळ, आणि उरलेलं अखर्चित म्हणून परत. पहिली दोन-तीन वर्षं बहुतेक राज्यांचा खर्च मंजूर रकमेच्या मानाने अगदीच किरकोळ होता. रक्तपेढ्यांचं आधुनिकीकरण तेवढं बऱ्यापैकी पुढे गेलं, कारण यंत्र विकत घेणं सरकारी खात्याला जमतं. निविदा काढता येते, यंत्र मोजता येतं, त्याच्यावर पट्टी लावता येते. बुधवार पेठेतल्या किंवा सांगलीच्या गोकुळनगरातल्या एखाद्या बाईला दरमहा मानधन देऊन शेजारणींना निरोध वाटायला लावायचं, तर ते कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकायचं, हे कोषागाराच्या नियमपुस्तकात कुठेच नव्हतं.

वाट काढली तमिळनाडूने. १९९४ मध्ये त्या राज्याने एड्स सेल बाजूला ठेवून नोंदणीकृत संस्था उभी केली. तिचं बँकेत स्वतःचं खातं. दिल्लीचा पैसा थेट त्या खात्यात. नियामक मंडळावर सगळ्या खात्यांचे सचिव, त्यामुळे मंजुरीसाठी फाईल दहा टेबलांवर फिरायची गरज नाही, एका बैठकीत काम होतं. कंत्राटावर माणूस नेमता येतो, स्वयंसेवी संघटनेला हप्ता देता येतो, जाहिरातीसाठी एजन्सी गाठता येते. काही वर्षांतच तमिळनाडूची मोहीम देशात सगळ्यांच्या पुढे गेली आणि जागतिक बँकेलाही हा मार्ग पसंत पडला. १९९७ नंतरची काही वर्षं नॅकोची सूत्रं जे. व्ही. आर. प्रसाद राव यांच्याकडे होती. याच काळात दुसऱ्या टप्प्यासाठी सगळ्या राज्यांना सांगण्यात आलं की पैसा हवा असेल तर संस्था नोंदवा. महाराष्ट्र आणि मुंबईच्या संस्था त्या लाटेतल्या, १९९८ च्या सुमाराच्या. अहमदाबाद आणि चेन्नई या शहरांनाही मुंबईसारख्या वेगळ्या संस्था मिळाल्या. १९९९ मध्ये दुसरा टप्पा सुरू झाला तेव्हा जागतिक बँकेचं कर्ज १९ कोटी १० लाख डॉलरवर गेलं होतं. अमेरिकेची आणि ब्रिटनची मदत वेगळी. महाराष्ट्रात अमेरिकी पैशावर 'अव्हर्ट' ही आणखी एक सोसायटी उभी राहिली.

या सोयीची किंमत कुणी मोजली, तेही सांगायला हवं. संस्था सरकारी नाही, म्हणून तिची माणसंही सरकारी नाहीत. तपासणी केंद्रातला समुपदेशक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रातला डेटा मॅनेजर यांच्या नेमणुका कंत्राटी, वर्षावर्षाने वाढवलेल्या. याच पद्धतीत कित्येकांची वीस-वीस वर्षं गेली. निवृत्तिवेतन नाही, बढती नाही, आणि टप्पा संपत आला की पुढच्या टप्प्याला मंजुरी मिळेपर्यंत जीव टांगणीला. कोषागाराला वळसा घालताना आस्थापना विभागालाही वळसा पडला, आणि सरकारला तो मोडायची घाई कधीच नव्हती.

पैसा पोचवायची एक वाट सापडली. आता तो कुठे पोचवायचा, हे सर्वेक्षणाने सांगायचं होतं.

'सेंटिनल सर्व्हेलन्स' या भारदस्त नावाखाली जे चालायचं ते दिसायला अगदी साधं. जिल्हा रुग्णालयातली गरोदर बायकांची ओपीडी घ्या. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तीन महिने तिथे पहिल्यांदा नाव नोंदवायला आलेली प्रत्येक बाई ओळीने घ्यायची, निवड करायची नाही, चारशे नमुने होईपर्यंत. तिचं रक्त सिफिलिसच्या तपासणीसाठी तसंही घेतलं जातच होतं. त्यातला उरलेला सीरम एका छोट्या कुपीत काढायचा, कुपीवर फक्त सांकेतिक क्रमांक. कागदावर वय, शिक्षण, स्वतःचा आणि नवऱ्याचा व्यवसाय, गाव की शहर, एवढंच. नाव नाही, केसपेपरचा नंबर नाही. मग कुप्या तपासणीला जायच्या. पहिल्या कीटवर नमुना प्रतिक्रिया देणारा निघाला तरच दुसऱ्या, वेगळ्या तत्त्वावरच्या कीटवर तपासायचा. गुप्तरोगाच्या दवाखान्यात असेच अडीचशे नमुने. पश्चिम भारतातल्या आकड्यांची छाननी पुढे भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेकडे आली. १९९८ मध्ये देशभर अशी सुमारे १८० केंद्रं होती, २००६ पर्यंत ती १,१२२ झाली. नवरा ट्रक ड्रायव्हर असलेल्या गरोदर बायकांमध्ये प्रमाण जास्त दिसतं, ही माहिती याच कागदातल्या एका रकान्यातून मिळाली. ट्रकचालकांवर पुढे जो पैसा खर्च झाला त्याचं मूळ त्या रकान्यात आहे.

या पद्धतीत एक टोचणारी गोष्ट होती. नाव पुसलेलं, म्हणून निकाल त्या बाईला कधीच कळणार नाही. सांख्यिकीच्या दृष्टीने ते योग्य होतं, कारण संमती मागितली की घाबरलेले लोक गळतात आणि सरासरी बिघडते. पण त्या काळी औषध नव्हतं म्हणूनच ते खपून गेलं, असं मला वाटतं. १ एप्रिल २००४ पासून जे. जे. रुग्णालयासह देशातल्या आठ केंद्रांत सरकारने मोफत एआरटी सुरू केली. आईकडून बाळाला होणारी लागण टाळण्याचा कार्यक्रमही त्याच सुमारास वाढत होता. त्यानंतर त्या बाईला तिच्या नावाची, निकाल हातात देणारी तपासणी वेगळी मिळू लागली, आणि सर्वेक्षणाची कुपी शेजारच्या रॅकमध्ये आपल्या जागी राहिली.

गरोदर बायकांमधलं प्रमाण एक टक्क्याच्या वर गेलं की ते राज्य 'उच्च प्रादुर्भावाचं'. महाराष्ट्र, तमिळनाडू, आंध्र प्रदेश, कर्नाटक, मणिपूर आणि नागालँड या सहा राज्यांवर तो शिक्का बसला. शिक्क्याबरोबर पैसा आला. तिसऱ्या टप्प्यात हेच गणित जिल्ह्यापर्यंत नेलं गेलं. जिल्ह्यांचे अ, ब, क, ड असे गट पडले. देशातले १५६ जिल्हे 'अ' गटात होते आणि महाराष्ट्रातले बहुतेक त्यात. 'अ' गटात असणं ही भूषणाची गोष्ट नव्हे, पण 'अ' गटाला जिल्हा कक्ष, जादा माणसं आणि जादा तपासणी केंद्रं मिळत. चारशे कुप्यांपैकी तीन पॉझिटिव्ह निघाल्या की पाच, यावर किती तरी पदं अवलंबून होती.

आणि आकडा चुकत होता. २००२ मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणांच्या एका अहवालाने २०१० पर्यंत भारतात दोन ते अडीच कोटी बाधित असतील असं भाकीत केलं. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाने भारतात ५७ लाख बाधित असल्याचा अंदाज दिला आणि दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून आपण जगात पहिले ठरलो. वर्तमानपत्रांनी तो मथळ्यात छापला. मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची तिसरी फेरी आली. या फेरीत पहिल्यांदाच घरोघर जाऊन एचआयव्हीच्या तपासणीसाठी रक्त घेतलं होतं. एक लाखाहून अधिक लोकांचं रक्त तपासून प्रमाण निघालं ०.२८ टक्के. ६ जुलै २००७ रोजी आरोग्यमंत्री अंबुमणी रामदास यांनी सुधारित अंदाज जाहीर केला. बाधितांची संख्या आली सुमारे २५ लाखांवर, म्हणजे निम्म्याहून कमी.

चूक कुठे होती? आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्यात डॉ. ललित दांडोना आणि सहकाऱ्यांनी घरोघर रक्त तपासून ती आधीच दाखवून दिली होती. नमुने घेतले जात ते मोठ्या सरकारी रुग्णालयांत. तिथे गरीब माणूस जास्त येतो. शिवाय खासगी डॉक्टरला संशय आला की तो पेशंटला सरकारी दवाखान्यात पाठवतो, त्यामुळे बाधित माणसं त्या रांगेत आपोआप जास्त जमतात. गुप्तरोग दवाखान्यातल्या प्रमाणावरून गावभरच्या लोकसंख्येचा अंदाज बांधला की फुगवटा आणखी वाढतो. नव्या पद्धतीने मागच्या वर्षांचे आकडे पुन्हा मांडले तेव्हा तेही खाली आले. म्हणजे एका रात्रीत तीस लाख माणसं बरी झाली नव्हती, ती मुळात नव्हतीच. पण नव्या हिशेबातही उतार दिसत होता, नवी लागण खरोखर कमी होत होती, आणि कार्यक्रमाच्या दृष्टीने मोलाचं तेच होतं.

सुधारित अंदाज जाहीर झाला त्या दिवशी पुष्कळ कार्यकर्त्यांना आनंदापेक्षा धास्ती वाटली. आकडा अर्धा झाला, आता पैसाही अर्धा होणार. तसं लगेच झालं नाही. तिसरा टप्पा, २००७ ते २०१२, ११,५८५ कोटी रुपयांचा आखला गेला होता आणि तो चालू राहिला. नॅकोच्या तेव्हाच्या प्रमुख के. सुजाता राव यांच्या काळात त्याचा सारा भर एका गोष्टीवर होता: वेश्या, समलिंगी पुरुष, तृतीयपंथी आणि सुईने नशा करणारे यांच्यापर्यंत त्यांच्यातल्याच माणसांमार्फत पोचायचं. कलकत्त्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी आणि सांगलीत मीना सेषू यांच्या 'संग्राम' संघटनेने १९९२ पासून जे करून दाखवलं होतं, त्याचाच हा सरकारी अवतार. सांगलीत बायकांनी १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' स्थापन केली होती. निरोध कुणी, कुणाला, किती वाटायचे हे तिथे बायका ठरवत. सरकारी कागदात त्याचं 'टीआय' (टार्गेटेड इंटरव्हेन्शन) झालं, लक्ष्य, फॉर्म, उपयोगिता प्रमाणपत्र यांसकट. काही हरवलं, पण एरवी कोषागाराच्या नियमपुस्तकात कधीच न बसलेल्या बाईला नियमित मानधन मिळू लागलं, हेही खरं.

या मधल्या काळात गेट्स फाउंडेशनचा 'आवाहन' हा प्रकल्प त्याच सहा राज्यांत २००३ पासून चालू होता, एकूण सुमारे ३३ कोटी ८० लाख डॉलरचा. मुंबई-ठाण्यात त्याचं नाव 'आस्था', उर्वरित महाराष्ट्रात 'मुक्ता'. त्यांचे पगार बरे, गाड्या बऱ्या, संगणकावरचे तक्ते देखणे. एकेका जिल्ह्यात राज्य संस्था, अव्हर्ट आणि आवाहन असे तीन-तीन पैसेवाले एकाच वस्तीची विभागणी करून घेऊ लागले. २००९ नंतर आवाहनने आपली कामं टप्प्याटप्प्याने सरकारकडे सोपवली तेव्हा खर्चाचा सरकारी दर कमी भरला, आणि फिल्डवरच्या माणसांना त्याच कामाचे कमी पैसे मिळू लागले. पहिल्या पाच वर्षांत आवाहनमुळे सुमारे एक लाख जणांची लागण टळली, असा एका अभ्यासाचा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये २०११ मध्ये छापून आला. सरकारच्या आणि आवाहनच्या कामाचा वाटा वेगळा काढणं मात्र अवघडच होतं.

थेट खात्याची वाट म्हणजे भ्रष्टाचाराला वेसण, असंही कुणी समजू नये. जागतिक बँकेने भारतातल्या आपल्या आरोग्य प्रकल्पांची झाडाझडती घेतली तेव्हा जानेवारी २००८ च्या अहवालात दुसऱ्या एड्स टप्प्यातल्या खरेदीवरही बोट ठेवलं गेलं. तपासणीच्या कीटचा दर्जा हा त्यातला एक मुद्दा. कीट चुकीची निघाली तर एखाद्या माणसाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

चौथा टप्पा आला तोवर परदेशी पैसा आटत चालला होता. १४,२९५ कोटींच्या आराखड्यात मोठा वाटा भारत सरकारचाच होता. आपला रोग आपल्या पैशाने, ही अभिमानाची गोष्ट म्हणून सांगितली गेली आणि ती होतीही. त्यात एक नियम आड आला. २०१४-१५ पासून केंद्रपुरस्कृत योजनांचा पैसा संस्थांच्या खात्यात थेट न देता राज्यांच्या तिजोरीमार्फत द्यायचा, असं केंद्राने ठरवलं. कारण चुकीचं नव्हतं. हजारो कोटी रुपये विधिमंडळाच्या नजरेआड, सोसायट्यांच्या बँक खात्यांत फिरत होते. राज्यांचा हिशेब राज्यांच्या अर्थसंकल्पात दिसावा, हे तत्त्व कुणीही मान्य करील. पण १९९४ मध्ये ज्या कारणासाठी मद्रासला संस्था नोंदवावी लागली होती ते कारण वीस वर्षांत कुठेही गेलेलं नव्हतं. पैसा पुन्हा एकत्रित निधीत गेला, पुन्हा अर्थ विभागाच्या टेबलावर थांबला. अनेक राज्यांत टीआय प्रकल्पांना महिनोन्महिने हप्ता मिळाला नाही. मानधन थकलं, कार्यकर्ते काम सोडून गेले, काही ठिकाणी निरोध, कीट आणि औषधांचा तुटवडा पडल्याच्या बातम्या आल्या. त्याच वर्षी स्वतंत्र एड्स नियंत्रण विभागही आरोग्य विभागात विलीन झाला. पाठोपाठ २०१५-१६ च्या अर्थसंकल्पात एड्सची तरतूद १,७८५ कोटींवरून १,३९७ कोटींवर आली. उघडपणे सगळ्यात कडक बोलले ते जे. व्ही. आर. प्रसाद राव, तेव्हा आशिया-पॅसिफिकसाठी संयुक्त राष्ट्रांचे एड्सविषयक विशेष दूत. राज्याराज्यांत संस्था उभ्या करायला लावल्या त्या काळी नॅकोची सूत्रं त्यांच्याच हातात होती.

मधल्या काळात नेमकी किती लागण या खोळंब्यामुळे वाढली, असा आकडा कुणी मांडला तर मी तो सावधपणे घेईन, २००७ चा धडा त्यासाठीच आहे. पण हे काम ज्या तऱ्हेचं आहे त्यात चार महिन्यांचा खंड चार महिन्यांत भरून येत नाही. नवी मुलगी वस्तीत आली आणि पहिल्या आठवड्यात तिला कुणी भेटलंच नाही, तर पुढच्या तिमाहीत हप्ता जमा होऊन उपयोग काय?

पुढे हा कार्यक्रम शंभर टक्के केंद्राच्या पैशावरचा झाला आणि राज्य संस्था टिकल्या. २०१७ मध्ये एचआयव्हीबाधितांना भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा संमत झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. म्हापशाच्या त्या ६४ दिवसांनंतर जवळपास तीस वर्षांनी. पाचवा टप्पा १५,४७१.९४ कोटींचा, मार्च २०२६ पर्यंतचा. रक्कम मोठी दिसते, पण ती पाच वर्षांची आहे, आणि औषधं घेत जगणाऱ्यांची संख्या दरवर्षी वाढते. माणूस जगतो म्हणून ती वाढते, त्याबद्दल तक्रार कशाला. फक्त औषधाचा खर्च टाळता येत नाही आणि टाळूही नये, तेव्हा ओढाताण झाली की कात्री लागते ती प्रतिबंधाला, विशेषतः वस्तीत फिरणाऱ्या माणसांना. लागण न झालेला माणूस मानधन थकलं म्हणून मोर्चा घेऊन येत नाही.

२०२३ च्या अंदाजानुसार देशात २५.४४ लाख बाधित आहेत. प्रौढांमधलं प्रमाण ०.२० टक्के, वर्षभरात नवी लागण सुमारे ६८ हजार जणांना. संख्येने सर्वांत जास्त बाधित अजून महाराष्ट्रातच आहेत, प्रमाणाने मिझोराम पुढे. पाचव्या टप्प्याचं उद्दिष्ट २०१० च्या तुलनेत नवी लागण ८० टक्क्यांनी कमी करण्याचं होतं. २०२३ पर्यंत घट झाली ती ४४ टक्के. सरासरीच्या या घसरणीत पंजाब, त्रिपुरा, आसाम, मेघालय, अरुणाचल अशी राज्यं उलट वर चढली आहेत, त्यांतल्या कित्येक ठिकाणी सुईमुळे. १९९० च्या दशकातल्या सहा राज्यांच्या यादीत यांपैकी एकही नव्हतं. जिल्हा कक्ष, टीआय, अनुभवी समुपदेशक असा डोलारा दक्षिणेत आणि महाराष्ट्रात उभा आहे, तो तेव्हाच्या चारशे कुप्यांनी ठरवलेल्या जागी. विषाणू नव्या जागी गेला आहे, आणि पदं नव्या जागी हलवायची तर पुन्हा नियामक मंडळ, मंजुरी, कंत्राट आणि दिल्लीचा हप्ता हे सगळं आलंच.